वेंडलच्या बोयावरची गाठ

गॅनेट कोव्ह, मेन
९ जानेवारी १९९४

प्रिय थर्लो,

माझं मागचं पत्र तुझ्यापर्यंत पोचलं नाही. याला तुझा तुरुंग जबाबदार आहे आणि हा अन्याय मी सहजासहजी विसरणार नाही. पाकिटावर परतीच्या पत्त्यासाठी मी चिकटवायचं लेबल लावलं होतं. अंधांच्या संस्थेवाले दर नाताळाला फुकट पाठवतात ना, लाल पक्ष्याचं चित्र असलेलं, तेच. आठ दिवसांनी पत्र माझ्याच दारात, वर शिक्का: 'नियमबाह्य'. फोन केला तर तिथल्या बाईंनी समजावलं की लेबलाच्या मागे माणूस काहीही लपवू शकतो. मी म्हटलं, बाई, बोटाएवढं लेबल आहे, त्यामागे त्या पक्ष्याची शेपटीसुद्धा लपायची नाही. त्या म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा." माझ्याकडे अजून एकशे नव्वद लेबलं आहेत. ती आता कुठे लावू? बोटीला?

तर हे पत्र साध्या पांढऱ्या पाकिटात, निळ्या शाईत, पाच कागदांच्या आत. मला थोडक्यात बोलायला लावणं तुला एकोणतीस वर्षांत जमलं नाही, ते त्यांनी एका शिक्क्यात केलं. आणि तुझ्याआधी हे पत्र उघडून वाचणारे जे कोणी गृहस्थ असतील त्यांनाही नमस्कार. तुमच्या घरी सगळे बरे असोत.

इकडे ठीक. बोट काठावर घेतलीय, ताडपत्री घातलीय. ओबेडकाका रोज येऊन ताडपत्रीच्या गाठी तपासतात आणि रोज म्हणतात, "तुझ्या बापाने अशी बांधली नसती." ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण टोमणा अजून ताजा. स्वयंपाकघरातला नळ गोठला होता, तो मीच सोडवला. तुझे बूट दाराशीच आहेत. त्यांच्यावरून मी दोनदा अडखळून पडले, तरी हलवले नाहीत.

सकाळी बोटींचा रेडिओ लावते. हिवाळ्यात पाण्यावर जाणारे चार-पाचच जण, पण बोलतात. तुला आठवतं, सगळ्यांचं बोलून झालं की शेवटी तुझा आवाज यायचा: "काय रे, जिवंत आहात का सगळे?" आणि मग जो तो शिव्या घालायचा. आता सगळ्यांचं बोलून होतं आणि तिथे एक जागा राहते. कुणी ती भरत नाही. दोन-तीन क्षण नुसती खरखर, मग एकेक जण बंद करतो. मी कॉफी ओतते, ती दोन कपांत ओतते, मग एक कप परत भांड्यात.

आता कामाचं. मिस ऑक्लेअर आल्या होत्या. तुझ्या अपिलाच्या वकील इतक्या तरुण असतील असं वाटलं नव्हतं, पण डोकं मुरलेलं आहे. मी त्यांच्यापुढे मटणाचा रस्सा ठेवला, त्यांनी माझ्यापुढे खटल्याच्या नोंदीची नऊशे पानं ठेवली.

"अपिलात नवीन काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "खटल्यात जे बोललं गेलं, तेवढंच. चूक तिथे झाली का, एवढंच वरचं कोर्ट बघतं."

"आणि खटल्यात जे बोललंच गेलं नाही ते?"

"ते या नऊशे पानांत नाही. म्हणजे त्यांच्या दृष्टीने जगात नाही."

मी म्हटलं, हे तर आमच्या बंदरासारखंच झालं.

त्यांचं म्हणणं असं. वेंडल स्प्रोल धुक्यात पाण्यावर मेला, डोक्याला जखम. डॉक्टर म्हणाले, काठीनेही होईल, बोटीच्या काठावर आपटूनही होईल. तू त्या सकाळी आपल्या बोटीवर एकटा होतास, कारण मी दात काढायला गेले होते. पण यावर माणसाला चाळीस वर्षं होत नाहीत. तुला आत घातलं ते वेंडलच्या बोयावरच्या, त्याच्या शेवंडीच्या पिंजऱ्यावर तरंगणाऱ्या त्या खुणेवरच्या, गाठीने. राज्य पोलिसांचा तो साक्षीदार, जो बटाट्याच्या शेतांत वाढला आणि ज्याने शेवंड फक्त ताटात पाहिली, तो छातीठोकपणे म्हणाला की दर्यावर्दी लोकांत ही मरणाची ताकीद असते. आणि शेवटी न्यायाधीशांनी ज्युरीला सूचना दिली: ही गाठ आरोपीने मारली असं वाटलं, तर ती जिवे मारण्याची धमकी होती असं धरा, आणि त्यावरून त्याचा हेतू ठरवा.

"धमकी होती की नाही हे सरकारने सिद्ध करायचं असतं," मिस ऑक्लेअर म्हणाल्या. "न्यायाधीशांनी ते ज्युरीच्या ताटात वाढून दिलं." आणि तुझे ते म्हातारे वकील, जे दोन दिवस पेंगत होते, ते नेमके तेव्हा जागे होऊन म्हणाले, "माझी या सूचनेला हरकत आहे." पान आठशे एकाहत्तर. तेवढ्या एका ओळीवर सगळं अपील उभं आहे. त्यांनी ती ओळ अजून पाच मिनिटं झोपून काढली असती तर आज आपल्याकडे काहीच नसतं.

मग त्यांनी विचारलं, "ती गाठ म्हणजे खरं काय हो?"

मी म्हटलं, अजून थोडा रस्सा घ्या.

वारा ईशान्येकडून आहे. बर्फ पडेल असं दिसतंय.

तुझी
लिओना


गॅनेट कोव्ह
३ फेब्रुवारी १९९४

प्रिय थर्लो,

सुनावणी झाली. आरोपीला तिथे आणत नाहीत हे मला माहीत होतं, तरी मी दाराकडे बघत होते.

सात न्यायाधीश, काळे झगे, आणि प्रत्येक बाजूला पंधरा मिनिटं. आपण आमिषाची टोपली यापेक्षा जास्त वेळ निवडतो. मिस ऑक्लेअर उभ्या राहिल्या, आणि पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत न्यायाधीश प्रश्न विचारायला लागले. पण बाई डगमगली नाही. सरकारी वकिलाने सांगितलं की सूचना थोडी चुकली असली तरी निकाल तोच लागला असता. त्यावर मधल्या बाई न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "ही गाठ आरोपीने मारली याला पुरावा काय?"

"त्यांचं मृताशी धक्क्यावर भांडण झालं होतं, मॅडम."

"भांडण म्हणजे गाठ नव्हे. ती मारताना कुणी पाहिलं का?"

"नाही."

"या बंदरातल्या एकाही माणसाला तिचा अर्थ विचारला?"

"साक्षीला कुणी पुढे आलं नाही."

थर्लो, मागच्या बाकावर बंदराची नऊ माणसं बसली होती. प्रत्येकाने आयुष्यात किमान दहा वेळा अशी गाठ मारलेली. दुसऱ्याने आपल्या जागेत पिंजरे टाकले की त्याच्या बोयाच्या दांड्यावर दोरीचे दोन फेरे आवळायचे. अर्थ एवढाच: बाबा, तू माझ्या अंगणात आलायस, पिंजरे हलव. त्याने हलवले की संपलं, उद्या एकत्र कॉफी. बंदरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण दुसऱ्याच्या बोयाला हात लावणं कायद्याने गुन्हा आहे, शेवंडी पकडण्याचा परवाना जातो. आणि परक्यासमोर बंदराचं काही बोलायचं नाही, हा तर आपला त्याहून जुना कायदा. म्हणून खटल्याच्या वेळी सगळे छताकडे बघत होते, आणि परवाही सगळे छताकडेच बघत होते. छत चांगलं आहे तिथलं. नक्षीकाम आहे.

मीही छताकडेच बघत होते.

न्यायाधीशांच्या हातात बोयाचा मोठा फोटो होता. ओबेडकाका माझ्या कानाशी वाकले. "दोरीचं टोक आत खोचलंय बघ. इथे असं फक्त तुझा बाप करायचा."

"काका, गप्प बसा. कोर्ट चालू आहे."

"मी काही बोललोच नाही," ते म्हणाले, आणि घरी येईपर्यंत तीन तास खरोखरच बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे आजारपणाचं लक्षण असतं.

निकाल महिन्या-दोन महिन्यांनी लागेल. तोवर काय लिहू? दुकानात कॉफी महागली. मी तुझा लोकरी शर्ट घालून झोपते. धुतलेला नाही, आणि धुणारही नाही. त्यातला डिझेलचा वास आता कमी व्हायला लागलाय. मागच्या आठवड्यात मी इंजिनाच्या खोलीत जाऊन थोडं डिझेल कॉलरला लावलं. जमलं नाही. तो नुसता डिझेलचाच वास आला.

तुझी
लिओना


गॅनेट कोव्ह
२७ मार्च १९९४

प्रिय थर्लो,

निकाल तुला आधीच कळलाय. चार विरुद्ध तीन. सूचना चूक होती, शिक्षा रद्द, खटला पुन्हा चालवा. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. ओबेडकाका दारातून म्हणाले, "पडलीस का?" मी म्हटलं, "नाही, बसलेय." तेही शेजारी येऊन बसले. मग त्यांना उठवायला अर्धा तास गेला.

आणि मंगळवारी तुझं पत्र आलं. चार ओळींचं. 'सरकारी वकिलाने सांगून पाठवलंय. सदोष मनुष्यवध कबूल केला तर खुनाचा आरोप मागे घेतात. भोगलेलं दीड वर्ष वजा करून अजून साडेतीन. सही करतो म्हणतो. तुला कोर्टात उभं राहायला नको.'

शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

आधी खरं सांगते. मी कॅलेंडर काढलं. साडेतीन वर्षं म्हणजे सत्त्याण्णवचा सप्टेंबर, सफरचंदं पिकतात तेव्हा. तू एकसष्टचा असशील, मी पंचावन्नची. मी मनात तुझे बूट पुसले. रेडिओवर तुझा आवाज ऐकला. नव्या खटल्यात हरलो तर पुन्हा चाळीस वर्षं, म्हणजे आपल्या वयात कधीच नाही. आणि इथे एका सहीवर तू परत. शेगडीपाशी बसून मी तुझ्या त्या चार ओळी छातीशी धरल्या आणि म्हटलं, करू दे सही. मला खऱ्याखोट्याचं काय करायचंय, मला माणूस हवाय.

मग त्या शेवटच्या ओळीवरून लक्षात आलं की ती गाठ कुणी मारली हे तुला पहिल्यापासून माहीत होतं.

थर्लो, ती मी मारली. शुक्रवारी, तू बोटीत वाकून पंप दुरुस्त करत होतास तेव्हा. वेंडलचे पिंजरे पूर्वेच्या खडकावर, माझ्या वडिलांच्या जागेत, आपल्या पिंजऱ्यांच्या डोक्यावर पडले होते. मी त्याचा बोया ओढला, दोन फेरे आवळले, टोक खोचलं आणि पाण्यात सोडून दिला. हे लिहायला लागला एवढाही वेळ लागला नाही. मला वाटलं तू पाहिलं नाहीस. तू पाहिलंस आणि दीड वर्ष पोटात ठेवलंस, म्हणजे मला कुणी उभं करून विचारू नये. आणि मी गप्प राहिले ते आधी परवान्यासाठी. हो, परवान्यासाठी. मग तुला अटक झाली, तेव्हा वाटलं, आता बोलले तर म्हणतील दोघांनी मिळून केलं. मग निकाल लागला. मग इतका उशीर झाला होता की बोलायला तोंड राहिलं नाही.

अजून एक. ते लिहिल्याशिवाय हे पत्र पाकिटात जाणार नाही. वेंडल सापडला त्यानंतर चार दिवस मी तुझ्याकडे बघत होते. तुझे हात बघत होते. मला वाटलं, माझ्या गाठीवरून तुमची पाण्यावर गाठ पडली आणि काहीतरी झालं. एकोणतीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपले त्याच्याविषयी मला असं वाटलं, आणि त्याच चार दिवसांत तू माझ्यासाठी गप्प राहायचं ठरवत होतास. पाचव्या दिवशी तुला घेऊन गेले, आणि त्याच क्षणी मला कळलं की तू केलेलं नाहीस. असं आपल्याला नेहमी उशिराच का कळतं, हे सात न्यायाधीशांनाही सांगता यायचं नाही.

तर सही करू नकोस.

मी मिस ऑक्लेअरकडे जाऊन प्रतिज्ञापत्र करून आले. त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"तुम्हीच म्हणालात अपिलात नवीन काही चालत नाही."

"तेव्हा मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. तुम्ही मला रस्सा वाढलात."

"चांगला झाला होता ना?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही बायको आहात. ज्युरी म्हणेल, नवऱ्यासाठी खोटं बोलते."

"खोटंच बोलायचं असतं तर ज्यात माझा परवाना जात नाही असं काही रचलं नसतं का?"

यावर त्या हसल्या. पण म्हणाल्या की एकटीचं पुरणार नाही. गाठीचा अर्थ सांगणारं दुसरं कुणीतरी हवं.

म्हणून मी काल, शनिवारी, आमिषाच्या शेडमध्ये गेले. सगळे होते. हेरिंग माशांच्या पिंपावर हात ठेवून मी सगळं सांगितलं, आणि विचारलं, कोण येतंय? कुणी सुरीची धार बघत होतं, कुणी आपले हातमोजे. तिथलं छत पत्र्याचं आहे, तरी काहींनी तेही पाहिलं. शेवटी ओबेडकाका म्हणाले, "मी येतो. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचा परवाना घेऊन सरकार काय करणार, स्वतः पिंजरे टाकणार?" कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्ही गाठी मारायचात ते कबूल करणार?" "मारायचो?" काका म्हणाले. "मागच्या महिन्यात तुझ्याच बोयाला मारलीय, गाढवा. तू अजून पिंजरे हलवले नाहीस." एवढा हशा मी त्या शेडमध्ये दीड वर्षात ऐकला नव्हता. एकच माणूस मिळाला. पण मिळाला.

मग मेव्हिसकडे गेले. वेंडलच्या बायकोकडे जायला मला फक्त रस्ता ओलांडायचा होता, आणि दीड वर्षात मी तो ओलांडला नव्हता. तिने दार उघडलं, जाळीचं दार लावूनच ठेवलं.

"बोल."

मी सांगितलं. गाठ मीच मारली हेही. ती म्हणाली, "हे मला काय सांगतेस? मला माहीत होतं."

"काय?"

"शुक्रवारी संध्याकाळी घरी आला तो हसतच. म्हणाला, लिओनाने आज सुनावलंय मला, बापासारखी टोकं खोचते अजून. सोमवारी हलवतो म्हणाला." तिने जाळीवर बोट ठेवलं. "सोमवारी तो तेच करायला गेला होता. धुकं होतं. मी म्हटलं, उद्या जा. तो म्हणाला, नको, तिला शब्द दिल्यासारखा आहे."

थर्लो, मी जाळीचं दार धरून विचारलं:

"तू कोर्टात का नाही सांगितलंस, मेव्हिस?"

"कुणी विचारलं नाही." मग म्हणाली: "चाळीस वर्षं या पाण्यावर वावरलेला माणूस पाय घसरून मेला, असं मला म्हणवत नव्हतं. कुणीतरी मारलं, हे सोपं होतं."

"आता सांगशील?"

"ते मी ठरवीन. तू माझ्या पायरीवरून जा."

मी आले. ती सांगेल की नाही, मला माहीत नाही. तिच्यावर आस लावून बसू नकोस, आणि तिच्यावर रागही धरू नकोस. मी तिच्या जागी काय केलं असतं, हे मी माझ्या जागी जे केलं त्यावरून तुला कळेलच.

सोमवारी परवाना परत करायला जायचंय. कायद्याने जाईलच, त्यापेक्षा मीच नेऊन देते. म्हणून आज, रविवारी, शेवटचं पाण्यावर गेले. बोट दहा दिवसांपूर्वी उतरवलीय, ओबेडकाका सुकाणूवर. बंदरातला माणूस गेला की त्याचे पिंजरे सगळ्या बोटी वाटून घेऊन बाहेर काढतात आणि त्याच्या बायकोच्या अंगणात नेऊन रचतात. वेंडलच्या वेळीही सगळ्यांनी आपापली वाटणी आणली. आपल्या वाटणीला पूर्वेच्या खडकावरचे चौदा आले होते. तुला पकडून नेलं, मी घराबाहेर पडले नाही, आणि दुसऱ्याच्या वाटणीला हात लावायचा नाही म्हणून ते कुणी आणले नाहीत. दोन हिवाळे ते पाण्यातच होते.

चौदांतले नऊ मिळाले. बोये शेवाळाने हिरवे झालेले, वेंडलची खूण, पिवळा रंग, नखाने खरवडून बघावा लागला. दोऱ्या हाताला चिरत होत्या. तीन पिंजऱ्यांत शेवंडी होत्या, त्या मी परत सोडल्या. काका म्हणाले, "दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावतेस, आज पकडलं तर?" मी म्हटलं, "उद्या द्यायचाच आहे परवाना, आज घेऊन जातील."

धुतले, घासले, गाडीत घालून तिच्या अंगणात नेले, भिंतीला लावून तीन-तीनच्या तीन थरांत रचले. बोये बाजूला, दोऱ्या गुंडाळून. मेव्हिस खिडकीत होती की नुसता पडदा हलला, ते पाहिलं नाही. दार वाजवलं नाही. चौदापैकी पाच हरवले, एवढं एका चिठ्ठीवर लिहून वरच्या पिंजऱ्यात खोचलं आणि आले.

दोऱ्यांनी बोटं चिरलीत, म्हणून अक्षर असं.

तू घरी ये, पण न केलेलं कबूल करून येऊ नकोस. जे केलं ते मी कबूल केलंय. आता माझ्यासाठी लपवायला तुझ्याकडे काही उरलेलं नाही.

ज्यांना विचारलं नाही त्यांतली एक, आता कोर्टाने विचारायची वाट बघणारी,

तुझी
लिओना